सात बरण्या माती : रत्नागिरी ते मंगळवेढा

लहानपणी मे महिन्याची सुट्टी संपवून आम्ही पुण्याला परतलो की आई धुण्याचे दोन ढीग करायची. आजोळहून आलेले कपडे एकीकडे, मंगळवेढ्याहून आलेले दुसरीकडे. आजोळच्या पांढऱ्या पेटीकोटांवर विटकरी डाग असत आणि ते साबण, लिंबू, ऊन कशानंच पुरते जात नसत. मंगळवेढ्याच्या कपड्यांवर डाग असा दिसायचा नाही, पण बादलीत टाकले की पाणी दौतीतल्या शाईसारखं व्हायचं आणि तळाशी बोटभर साका बसायचा. "माझ्या माहेरची माती कपडा सोडत नाही आणि तुझ्या बाबांची माती चप्पल सोडत नाही," हे आईचं ठरलेलं वाक्य. लग्नानंतरच्या पहिल्याच पावसाळ्यात तिची नवीकोरी कोल्हापुरी मंगळवेढ्याच्या शिवारात रुतली ती रुतलीच. पंचेचाळीस वर्षं झाली, तो विषय अजून मिटलेला नाही.

या मे महिन्यात आईला रत्नागिरीला मामाकडे सोडायला गेले होते. परतताना ती म्हणाली, "पुण्याला कशाला जायचं उलटं? इथून सरळ मंगळवेढ्याला जाऊ. भावजींना भेटून वर्ष झालं." नकाशा उघडला तर खरंच, रत्नागिरीच्या किनाऱ्यापासून मंगळवेढ्यावरून सोलापूरपर्यंत एकच रस्ता जातो, राष्ट्रीय महामार्ग १६६. आमच्या घराच्या दोन्ही मात्या एकाच रस्त्याला लागून आहेत, हे मला चाळिशी उलटल्यावर कळावं!

मातीचं वेड माझ्या डोक्यात शिरलं त्याला कारण गच्चीतल्या कुंड्या. एका रोपवाटिकेतून 'उत्तम लाल माती' लिहिलेल्या पाच पिशव्या आणल्या. महिन्याभरात त्या मातीची अशी वीट झाली की मोगऱ्याची मुळं आत गुदमरून मेली. रागारागात वाचायला बसले आणि अडकले. म्हणून निघताना मामीकडून मोरांब्याच्या सात रिकाम्या बरण्या मागून घेतल्या.

"आंबे ने की गं, माती कसली नेतेस?" मामा म्हणाला. आंबेही नेलेच. दोन पेट्या मागच्या सीटवर होत्या आणि पुढचे दोन दिवस गाडीत दुसरा वास नव्हता.

पहिली बरणी मामाच्या घरामागच्या सड्यावर भरली. खरं तर खरवडली. सडा म्हणजे टेकडीचा सपाट माथा, आणि मे महिन्यात तो तव्यासारखा तापतो. वर काळपट, खडबडीत कातळ. मातीचा पत्ता फक्त फटींमध्ये आणि खळग्यांत, तीही वितभर. इथे हापूस लावायचा तर आधी कातळ फोडून खड्डा करावा लागतो, पूर्वी सुरुंग लावायचे, आता ब्रेकर आणतात, आणि त्यात बाहेरून माती आणून भरतात. म्हणजे ज्या झाडांच्या जिवावर रत्नागिरीचं नाव, त्यांतली कितीतरी झाडं एका परीनं दगडी कुंडीतच वाढलेली.

कातळाच्या पोटात काय आहे ते बघायला मामानं शेजारच्या चिरेखाणीवर नेलं. मशीननं ताजा कापलेला उभा भाग समोर होता. वरची फूटभर टणक, काळसर कवची. तिच्याखाली लाल-पिवळा-जांभळा, भोकाभोकांचा जांभा, जणू स्पंजच दगड झालाय. आणखी खाली रंग फिका होत गेलेला, आणि तळाशी पांढरट-गुलाबी मऊ चिकण माती, नखानं उकरता येईल अशी. ताजा चिराही तसा नरमच असतो. उन्हावाऱ्यात राहिला की कडक होतो, म्हणून आधी कापायचा आणि मग वापरायचा. फ्रान्सिस बुकॅनन यानं १८०० च्या सुमारास केरळातल्या अंगाडिपुरमला हाच प्रकार पाहिला आणि १८०७ मध्ये छापलेल्या प्रवासवर्णनात विटेसाठी असलेल्या लॅटिन शब्दावरून त्याला 'लॅटेराइट' नाव दिलं. माझ्या कुंडीतल्या मातीची वीट का झाली, याचं निम्मं उत्तर मला तिथे मिळालं.

"आणि ह्याच्या खाली?" मी विचारलं.

"खाली काळा दगड. आपल्या विहिरीला चाळीस फुटांवर लागला ना! पहार घातली की ठिणगी उडते."

तोच काळा दगड म्हणजे बेसाल्ट. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून लाव्हा वाहिला, थरावर थर साचले आणि निम्म्याहून जास्त महाराष्ट्र त्याखाली झाकला गेला. तेव्हा चिरेखाणीत मी बघत होते तो जांभा वेगळा कुठून आलेला नव्हता. तो त्या काळ्या दगडाचाच उरलेला सांगाडा. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. हवेतला आणि मुळांच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड घेऊन ते पाणी किंचित आंबट होतं आणि लाखो वर्षं दगडातून झिरपत राहतं. दगडातला चुना, मॅग्नेशियम, पोटॅश, सोडियम आधी विरघळून जातात, मागोमाग सिलिकाही बरीचशी जाते. न विरघळणारं तेवढं मागे उरतं, ते म्हणजे लोखंड आणि ॲल्युमिनियम. लोखंडाला गंज चढतो. ओली लोखंडी कढई पालथी घालायची विसरली की सकाळी जे दिसतं, तेच सड्यावर दिसतं. पेटीकोटावरचे डाग म्हणजे गंज होता. लिंबानं जरा फिके होत, पण जात नसत, ते यामुळे.

आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे आमची माती धुवून धुवून स्वच्छ झालेली." मी म्हटलं, स्वच्छ म्हण किंवा कफल्लक म्हण. तिला दुसरा शब्द आवडला नाही.

हातखंबा, पाली, नाणीज करत साखरप्याला पोचेस्तोवर अकरा वाजले. मुर्शीनंतर आंबा घाट सुरू होतो. रस्त्याच्या रुंदीकरणात डोंगर ठिकठिकाणी कापलाय. झाडं गेली त्याचं वाईट वाटलंच, पण माती बघणाऱ्याला उघडा पडलेला डोंगर म्हणजे उघडलेलं पुस्तक. एका रुंद वळणावर गाडी बाजूला घेतली.

समोरच्या भिंतीत काळे-करडे गोटे बसवल्यासारखे दिसत होते, फुटबॉलएवढे, काही त्याहून मोठे. प्रत्येकाभोवती पापुद्रे. जवळ जाऊन एक पापुद्रा ओढला तर तो कांद्याच्या पातीसारखा सुटून हातात आला आणि चुरला. त्याखाली दुसरा, जरा टणक. त्याखाली तिसरा. आतला गाभा मात्र गुळगुळीत, काळा, ठणठणीत. लाव्हा थंड होताना त्याला उभ्याआडव्या चिरा जातात, चिरांमधून पाणी शिरतं, चौकोनी ठोकळ्याचे कोपरे तिन्ही बाजूंनी खाल्ले जातात आणि ठोकळ्याचा गोटा होतो. गोट्यांच्या मधली सांद भुसभुशीत, पिवळट तपकिरी. चार बोटांच्या अंतरात इकडे दगड, तिकडे माती आणि मध्ये दोन्ही नव्हे असं काहीतरी. दुसरी बरणी त्या 'दोन्ही नव्हे' ची.

दगड कुजतो हे आईला पटेना. दगड झिजतो, फुटतो, पण कुजतो? पापुद्रा तिच्या तळहातावर ठेवून म्हटलं, दाब. तिनं अंगठ्यानं चोळला आणि पिठूळ झाला. दगडातली फेल्डस्पार नि पायरॉक्सिन ही खनिजं पाण्याशी हळूहळू रासायनिक देवघेव करतात आणि त्यातून चिकण मातीची नवीन खनिजं तयार होतात. दगडाची बारीक पूड म्हणजे वाळू किंवा त्याहून बारीक पोयटा. चिकण माती ही नुसती पूड नाही, ती नवीन घडलेली वस्तू आहे. मला स्वतःला हे कळायला बराच वेळ लागला होता. शाळेत 'ऊन, वारा, पाऊस यांमुळे खडकाची झीज होऊन माती बनते' हे एक वाक्य पाठ केलं होतं आणि त्यावर दोन गुण मिळाले होते.

त्याच भिंतीवर सावलीच्या बाजूला राखाडी-हिरवट खपल्या होत्या. आईनं पटकन ओळखलं. "अगो, हे दगडफूल!" गोड्या मसाल्याला लागतं ते बहुतेक झाडांच्या सालीवरून काढलेलं असतं, पण गोत्र तेच. बुरशी आणि शैवाल यांचा एकत्र संसार. उघड्या खडकावर पहिलं बिऱ्हाड यांचंच पडतं. ते सौम्य आम्ल सोडून दगड पोखरतात, मरतात, त्यांच्या चिमूटभर कुजक्यावर शेवाळ येतं, मग नेचा, मग गवत.

थोडं वर गेल्यावर आणखी एक गोष्ट दिसली, आणि मला विचाराल तर सगळ्या प्रवासातली तीच सगळ्यात भारी. काळ्या खडकाच्या दोन जाड थरांच्या मध्ये हातभर रुंदीचा विटकरी पट्टा, आडवा, लांबपर्यंत गेलेला. भूशास्त्रज्ञ याला 'रेड बोल' म्हणतात. लाव्ह्याचा एक लोंढा येऊन निवला आणि पुढचा येईपर्यंत बराच काळ गेला. तेवढ्यात उघड्या पडलेल्या खडकावर माती व्हायला सुरुवात झाली. मग पुढचा लोंढा आला आणि ती माती जागच्या जागी गाडली गेली, भाजली गेली. म्हणजे तो पट्टा म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वीची जमीन. तिच्यावर कुणी पेरलं नाही, कारण पेरणारं कुणी नव्हतंच. तो पट्टा मी बोटानं चाचपत उभी राहिले. मागून ट्रकवाल्यानं हॉर्न देऊन भानावर आणलं.

आंबा गावात एका ओळखीच्या घरी जेवलो. घराच्या मागे त्यांचंच थोडं रान आहे, अंजनी, जांभूळ, हिरडा असं दाट. तिथे खुरपं मागून घेतलं आणि उकिडवी बसले.

वर सुकी, करकरीत पानं. ती बाजूला केली की जाळीसारखी झालेली अर्धवट कुजकी पानं, बुरशीचे पांढरे धागे, एक बिचकलेली गोम. पुस्तकात याला 'ओ' थर म्हणतात, सेंद्रिय थर. त्याखाली विटेएवढ्या जाडीचा काळपट तपकिरी, रवाळ, मुळ्यांनी गुंतलेला 'ए' थर. खुरपं इथपर्यंत लोण्यात गेल्यासारखं गेलं. मग रंग एकदम तांबूस झाला, हाताला चिकट लागायला लागलं. वरून पाण्याबरोबर उतरलेली बारीक चिकण आणि लोखंड इथे साचतं, तो 'बी' थर. पुढे खुरप्याला खडे लागायला लागले आणि माझा दम संपला. त्याच्या खाली घाटात पाहिलेला कुजका दगड म्हणजे 'सी', आणि सगळ्याच्या तळाशी 'आर', अखंड पाषाण. इंग्रजी अक्षरं लक्षात ठेवायची गरज नाही. विहीर खणणारे हेच उलगडून सांगतात: माती, मग मुरूम, मग कच्चा खडक, मग काळा पाषाण.

'ए' थरातलं एक ढेकूळ फोडलं तर आत बारीक बोगदे. गांडुळांनी पोखरलेले, मुळं कुजून रिकामे झालेले. चांगल्या मातीचं आकारमान मोजलं तर निम्मीच माती असते. सुमारे ४५ टक्के खनिज कण, ५ टक्क्यांच्या आत-बाहेर कुजकं-जिवंत असं सेंद्रिय, आणि उरलेली निम्मी जागा पोकळी. तिच्यात कधी पाणी जास्त तर कधी हवा. मला रोपवाटिकेनं विकलं ते पोकळीशिवायचं सामान होतं. मोगरा पाण्यावाचून मेला नव्हता, हवेवाचून मेला होता. तिसरी बरणी घरमालकांना विचारून भरली आणि तिच्यात चुकून ती गोमही आली होती, ती मलकापूरच्या पुढे आईच्या पायाशी सापडली. तो प्रसंग गाळते.

चौथी बरणी बांबवड्याजवळच्या उसाच्या बांधावरची, तपकिरी, मध्यम, तिच्याबद्दल सांगण्यासारखं फार काही नाही.

रात्रीचा मुक्काम कोल्हापूरला मावसबहिणीकडे. तिच्या घराजवळ एक तालीम आहे. भल्या पहाटे पोरं हौद्यातली तांबडी माती फावड्यानं उकरत होती. आत जायचा प्रश्न नव्हता, पण दारातून एका वयस्कर वस्तादांना विचारलं, काळी माती का नाही घालत? ते हसले. "काळीत कुस्ती खेळशीला तर पोरगं उचलायच्या आदी पाय उचलायला लागंल." तांबडी माती चाळून, तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू मुरवून हौदा तयार करतात. ती अंगाला लागते पण चिकटून बसत नाही, झटकली की सुटते. लोखंडाच्या गंजानं तिचे कण एकमेकांना धरून रवाळ झालेले असतात आणि तिच्यातली चिकणही पाणी पिऊन फुगणारी नसते. वस्तादांचं उत्तर माझ्यापेक्षा आटोपशीर होतं.

मावसबहिणीच्या यजमानांना नाश्त्याला मी सगळी कर्मकथा ऐकवली. ते गणिताचे शिक्षक. म्हणाले, "एकच दगड, मग माती वेगळी कशी?" हाच प्रश्न. रशियात वासिली दोकुचायेव यानं १८८३ च्या सुमारास मांडलं की माती म्हणजे नुसता खडकाचा चुरा नव्हे, ती हवामान, सजीव, उतार आणि काळ यांच्या मेळातून घडते. १९४१ मध्ये हान्स येनी यानं त्याला जवळजवळ समीकरणाचं रूप दिलं, खडक, हवामान, सजीव, भूरूप आणि काळ अशा पाच घटकांचं. सरांना समीकरण म्हटल्यावर उत्साह आला. "म्हणजे या रस्त्यावर खडक स्थिर धरलाय आणि पाऊस बदलत नेलाय!" बरोब्बर. सह्याद्री ओलांडला की पाऊस झपाट्यानं उतरत जातो, आणि मंगळवेढ्याला पाचशे-सहाशे मिलिमीटरवर येतो. रत्नागिरीच्या पाचवा-सहावा हिस्सा.

कोल्हापूरहून जयसिंगपूर, मिरज. कृष्णेच्या काठी उतरलो. नदीनं कापलेल्या दरडीत थरच थर होते, वाळूची रेघ, गाळाचा पट्टा, परत वाळू. आईला वाटलं हेच ते ए-बी-सी. तसं नाही. इथले थर नदीनं आणून टाकलेले आहेत, एकेका पुराचा एकेक हिशेब, २०१९ चा ऑगस्टही त्यात कुठेतरी असणार. आंबा गावच्या रानातले थर जागच्या जागी, वरून खाली, मातीनं स्वतःत पाडलेले. एक चळत रचलेली, दुसरी मुरलेली. भांड्यांची उतरंड आणि दह्यावर धरलेली साय यांत जेवढा फरक, तेवढा. पाचवी बरणी या मळीच्या मातीची. हात घातला तर मैद्यासारखी.

पण याच पट्ट्यात रस्त्याच्या कडेला एक रान पाहिलं आणि गप्प झालो. वरवर पिठी साखर भुरभुरल्यासारखी पांढरी जमीन, मध्येच एखादं खुरटं गवत. खारवट-चोपण, म्हणजे क्षारांनी बिघडलेली. उसाला पाटानं पाणी देत राहिलं, जमिनीत खाली निचरा नाही, पाण्याची पातळी वर आली, आणि त्याबरोबर विरघळलेले क्षारही. ऊन पाणी ओढून घेतं, क्षार मागे राहतात. सोडियम वाढलं की चिकणीचे कण विस्कटतात, पोकळ्या बुजतात, जमीन पाणीही घेत नाही आणि हवाही. शिरोळच्या बाजूला शेतकरी जमिनीखाली भोकं पाडलेले पाइप घालून निचरा करतायत, त्यानं रानं परत पिकायला लागल्याचं तिथे सगळे सांगतात. शेकडो वर्षांत बोटाच्या पेराएवढी तयार होणारी वस्तू एका पिढीत अशी करून ठेवता येते.

कवठेमहांकाळच्या पुढे माळरान सुरू झालं. झाडं बुटकी, आभाळ मोठं. सांगोल्याच्या अलीकडे एका शेतात नवीन शेततळं खणलेलं, अजून प्लॅस्टिक अंथरायचं बाकी. मालक डाळिंबाला औषध मारत होते. परवानगी मागितली तर म्हणाले, "बघा की, आमचं काय जातंय."

इथे सगळं वितभरात. वर टीचभर भुरकट माती, मग लगेच पिवळट-करडा मुरूम, मग भेगाळलेला खडक. मधला 'बी' थर जवळजवळ नाहीच. उतारावर पडणारा पाऊस माती खाली वाहून नेतो, आणि जेवढी नवीन होते तेवढी जाते. धान्याला ही जमीन हलकी, पण डाळिंबाला पाय ओले ठेवलेले खपत नाहीत, त्याला हीच मानवते. मुरमात मात्र पांढरे खडे दिसत होते, शेंगदाण्यापासून लिंबाएवढे. चुनखडी. जेवणातलं उरलेलं अर्धं लिंबू आईच्या डब्यात होतं. एक खडा दगडानं ठेचून त्यावर पिळलं. बारीक फसफस झाली, कान लावला तर ऐकू येईल इतकी. मग गाडीतून पहिली बरणी आणून सड्यावरच्या लाल मातीवर उरलेले थेंब टाकले. काहीच नाही. ढिम्म.

कोकणातल्या दगडातला चुना पाण्याबरोबर केव्हाच समुद्रात गेलाय. इथल्या पावसात तेवढा जोर नाही. पाणी दोन-चार फूट आत जातं, थकतं, तिथेच सुकतं आणि बरोबर आणलेला चुना तिथेच टाकतं. पाऊस कुठपर्यंत पोचला त्याची ती खूण. मालक आमचा खेळ बघत होते. "कोकणात लिंबू लई, चुना न्हाई," ते म्हणाले, "आन् आमच्यात उलटं." सहावी बरणी त्यांनीच भरून दिली.

मंगळवेढ्यात शिरलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. आधी दामाजीपंतांच्या देवळात गेलो, आईचा तो नेम. दुष्काळात बादशाही कोठारं लोकांसाठी उघडणाऱ्या माणसाची कथा इथे प्रत्येक पोराला पाठ. ती कोठारं भरली असतील ती इथल्याच शिवारातल्या ज्वारीनं, असा विचार मनात आला. तो माझा, इतिहासाचा नव्हे.

आप्पाकाका चहाआधीच रानात घेऊन गेले. क्षितिजापर्यंत सपाट, एक झाड नाही, ज्वारी काढून झालेली, आणि सगळी जमीन फुटलेली. वाळलेल्या पापडाला तडे जावेत तशी. भेगा चार बोटं रुंद, काही ठिकाणी वीतभर. सप्टेंबर-ऑक्टोबरात इथे मालदांडी ज्वारी पेरतात आणि ती पुढे जवळजवळ पावसावाचून येते. मातीत मुरलेल्या ओलीवर. मीटरभर खोल काळ्या जमिनीत पिकाच्या उपयोगाचं दीडशे-दोनशे मिलिमीटर पाणी राहू शकतं. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते काकांनी मला दोनदा सांगितलं.

उतारावरून वाहून आलेले बारीक कण या सखलात साचले. चुना, मॅग्नेशियम, सिलिका इथे धुपून न जाता राहिले, आणि त्यांच्या संगतीत वेगळीच चिकण घडली, स्मेक्टाइट. तिचे कण पुस्तकाच्या पानांसारखे, आणि पाणी पानापानांच्या मध्ये शिरतं. कोकणातली चिकण म्हणजे केओलिनाइट, तिची पानं घट्ट चिकटलेली, तिथे पाणी फक्त मुखपृष्ठ भिजवतं. स्मेक्टाइटच्या एका ग्रॅमचा आतला-बाहेरचा सगळा पृष्ठभाग ६०० ते ८०० चौरस मीटर भरतो. काकांच्या हिशेबात सांगायचं तर चिमटीत सहा ते आठ गुंठे. ते म्हणाले, "मग सातबाऱ्यावर का लावत न्हाईत?"

आणि काळी म्हणून तिच्यात खत-कुजकं भरपूर असेल, ही माझी समजूतही इथेच गेली. या जमिनींत सेंद्रिय कर्ब बहुधा एक टक्क्याच्याही आत असतो. थोडंसंच कुजकं चिकणीला घट्ट बिलगून बसतं आणि सगळी काळी दिसते. आंबा गावच्या रानातली माती तिच्याहून फिकी होती आणि कितीतरी जिवंत होती.

रानाच्या कडेला पाइपलाइनसाठी चार फूट खोल चर खणला होता. मी मोठ्या उत्साहानं ए, बी, सी शोधायला उतरले. सापडेनात. वरपासून खालपर्यंत एकच काळं. मध्येच तिरकस, चकचकीत, हात फिरवला तर चामड्यासारखे लागणारे पृष्ठ. उन्हाळ्यात भेगा पडतात, वरची भुसभुशीत माती त्यात पडते. पावसात सगळं फुगतं, जागा पुरत नाही, खालचे लगदे एकमेकांवर घसरत वर रेटले जातात, आणि घसरलेल्या जागी अशी चमक येते. ही जमीन दर वर्षी थोडी थोडी स्वतःला उलथते, थर टिकतील कसे? "म्हणून घरं काळीत न्हाई बांधत," काका म्हणाले. "भिंत चिरती. काळीत पिकवायचं आन् पांढरीवर ऱ्हायाचं." गावठाणाला पांढरी का म्हणतात ते लहानपणापासून ऐकत होते, कारण आत्ता कळलं.

भेग किती खोल ते बघावं म्हणून स्टीलची मोजपट्टी काढली. तीन मीटरची, बाबांची, पिवळ्या डबीची. पट्टी आत सोडत गेले. दोन फूट, अडीच, तीन फूट दोन इंच, आणि मोबाइलवर फोटो घ्यायला हात बदलला तेवढ्यात डबी निसटली. खटखट आवाज करत आत गेली. टॉर्च लावला, काठी घातली, तार वाकवून घातली. भेग खाली वळलेली होती, काही दिसेना. आई बांधावर बसून मुकाट बघत होती. तिचा चेहरा मला बघवत नव्हता, कारण तो हसत होता.

सातवी बरणी भरली आणि निघालो.

पुण्यात सातही बरण्यांत दोन तृतीयांश पाणी आणि चिमूटभर कपड्यांची पावडर घालून खळखळून हलवल्या आणि खिडकीत मांडल्या. वाळू मिनिटभरात बसते, पोयटा काही तासांत, चिकण मात्र वेळ घेते. सड्याच्या बरणीत चहा होईपर्यंत तळाला जाड लाल रेव दिसायला लागली. सांगोल्याची त्याहून लवकर. कृष्णेची संध्याकाळपर्यंत निवळत आली, मधोमध सुंदर पोयट्याचा पट्टा. आंबा गावच्या बरणीत पानांचा चुरा वर तरंगत राहिला. मंगळवेढ्याची पाचव्या दिवशीही तशीच, दौतीसारखी. बोटभर साका खाली आणि वर सगळं काळं.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात काकांचा फोन आला. चांगला पाऊस झाला होता, भेगा मिटल्या होत्या. मी अजिजीनं विचारलं, काका, पट्टी दिसली का हो कुठं वर आलेली?

"आगं, वैनीची चप्पल अजून निघाली न्हाई," ते म्हणाले, "तुझी पट्टी तर आत्ता कुठं गेलीया."